विज्ञानकथा मालिकेत विनोद कसा पेरावा

आधी तुमच्या जगाचे पाच-सहा नियम कागदावर उतरवा. यंत्रमानवाला खोटं बोलता येत नाही, दारं फक्त आवाज ओळखून उघडतात, यानानं झेप घेतली की चार तास पाणी बंद, असे. विनोद यांतूनच निघू द्या. सर्दीनं आवाज बसलेला कॅप्टन स्वतःच्याच केबिनबाहेर अडकला, तर हसूही येतं आणि नियमही लक्षात राहतो. बाहेरून चिकटवलेला चुटका मात्र प्रेक्षकाला यानातून थेट सोफ्यावर आणून आदळतो.

'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा १९६७ मधला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग वही घेऊन पाहा. यानाचा कॅप्टन कर्क धान्यकोठाराचं डोक्यावरचं दार उघडतो आणि ट्रिबल्स नावाच्या केसाळ प्राण्यांचा ढीग त्याच्या अंगावर कोसळतो. त्याचा तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक शांतपणे एकूण ट्रिबल्सचा आकडा सांगतो: १७,७१,५६१. एका ट्रिबलपासून सुरुवात, दर बारा तासांनी सरासरी दहा पिल्लं, तीन दिवस. म्हणजे सहा वेळा अकरापट, अकराचा सहावा घात. हिशेब चोख आहे, म्हणूनच तो इतका मजेशीर वाटतो! शिवाय त्या ढिगातले बरेच ट्रिबल मेलेले निघतात आणि धान्यात विष असल्याचं त्यावरूनच कळतं. हा प्रसंग कापला तर कथाच अडते. तुमच्या प्रत्येक विनोदी प्रसंगाला हीच कसोटी लावा.

संवाद लिहून झाले की पात्रांची नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल, तर सगळ्यांच्या तोंडी लेखकच बोलतोय. एकाला कुरकुर द्या, दुसऱ्याला शब्दशः अर्थ घेण्याची सवय, तिसऱ्याला विनोद करूच देऊ नका.

तांत्रिक माहिती सलग तीन ओळींपेक्षा जास्त नको. चौथ्या ओळीला कुणीतरी अडाणी प्रश्न विचारावा. प्रेक्षकाच्याही मनात तोच असतो.

सर्वांत जास्त घोटाळा धोक्याच्या प्रसंगात होतो. रोखलेल्या शस्त्रासमोर नायक टोमणे मारतो आणि कुणालाच काही होत नाही, असं दोनदा झालं की भीती संपली. टोमणा ठेवायचाच असेल, तर त्याच भागात त्या शस्त्रानं काहीतरी खरोखर हिरावून घेऊ द्या. मृत्यूनंतरचा एक अख्खा प्रसंग विनोदाविना जाऊ द्या.

एडिटिंगच्या वेळी पंचनंतर, म्हणजे हशा पिकवणाऱ्या ओळीनंतर, बोलणाऱ्यावर थांबू नका, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट करा. विनोदी पार्श्वसंगीत काढून टाकून बघा. तरीही हसू आलं नाही, तर ओळच बदला.