सुदानमधल्या नरसंहारावर आपल्या खासदाराला प्रश्न विचारायला कसं लावावं: इंदूरकरांसाठी

‘नरसंहार थांबवा’ एवढंच लिहून खासदाराला पत्र पाठवलं, तर फार तर पोच येते. येणार तरी काय? सुदानच्या दारफूर प्रांतातल्या बंदुका थांबवणं इंदूरच्या खासदाराच्या हातात नाही. सरकारला प्रश्न विचारणं मात्र आहे, आणि सभागृहात दाखल झालेल्या प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तेव्हा आपलं पत्र त्या एका कामासाठी लिहायचं: वाचणाऱ्याला प्रश्न आयता मिळाला पाहिजे.

आधी माहिती पक्की करा

व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ बाजूला ठेवा. एक चुकीचा फोटो सगळं पत्र बाद करायला पुरतो. पत्रात तीन-चार गोष्टी असल्या तरी पुरे. १५ एप्रिल २०२३ला सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ हे निमलष्करी दल, यांच्यात युद्ध पेटलं. त्याच वर्षी पश्चिम दारफूरमधल्या अल जुनैना शहरात मसालीत जमातीच्या लोकांना वेचून मारण्यात आलं. तिथल्या मृतांचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात १० ते १५ हजार असा आहे. आरएसएफनं नरसंहार केला, असं अमेरिकेनं ७ जानेवारी २०२५ला अधिकृतपणे जाहीर केलं. २६ ऑक्टोबर २०२५ला, पाचशेहून जास्त दिवसांच्या वेढ्यानंतर, अल फाशर शहर आरएसएफच्या हाती पडलं. युद्धगुन्ह्यांचे आरोप लष्करावरही आहेत. तेही लिहा, म्हणजे पत्र कुणा एका बाजूचं वाटणार नाही.

मग भारताचा संबंध दाखवा

‘आपल्याला काय त्याचं?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९४६ साली नरसंहाराचा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आणणाऱ्या तीन देशांपैकी एक भारत होता. दुसरे दोन क्युबा आणि पनामा. त्यातून १९४८चा नरसंहारविरोधी करार झाला आणि १९५९मध्ये भारतानं त्याला मंजुरी दिली. करारातलं कलम १ नुसतं शिक्षेबद्दल बोलत नाही, नरसंहार रोखण्याची जबाबदारीही घालतं. बोस्नियाच्या खटल्यात २००७ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं, की गंभीर धोका आहे हे देशाला कळलं, की त्या क्षणापासून ही जबाबदारी सुरू होते. निकाल लागेपर्यंत थांबायची मुभा नाही. पत्रात यातली दोन वाक्यं घ्या, बाकीचं भेटीत बोलायला ठेवा.

प्रश्न स्वतः लिहून द्या

खरी मेहनत इथे आहे. लोकसभेच्या नियम ४१प्रमाणे प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत लागतो आणि तो मंत्र्याच्या कामकाजाशी संबंधित असावा लागतो. मित्रदेशाबद्दल असभ्य उल्लेख चालत नाही, हेही त्याच नियमात आहे. म्हणून ‘अमुक देश खुन्यांना शस्त्रं देतो, सरकार गप्प का?’ असं लिहिलं, तर प्रश्न सचिवालयातच अडकेल. राग कितीही खरा असो, प्रश्न भारत सरकारनं काय केलं याबद्दलच असू द्या.

भाषा हिंदी ठेवा. १९८९ ते २०१९ सुमित्राताई महाजन इथल्या खासदार होत्या, तेव्हा मराठी पत्रानंही भागलं असतं. प्रश्नाची सुरुवात ठरलेली असते: ‘क्या विदेश मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’. त्याखाली (क), (ख), (ग) असे भाग करा. उदाहरणार्थ: दारफूरमधल्या सामूहिक हत्यांची सरकारनं काय दखल घेतली, एप्रिल २०२३पासून तिथल्या नागरिकांसाठी किती आणि कोणती मदत पाठवली, १९४८च्या करारातलं कलम १ पाळण्यासाठी कोणती पावलं उचलली.

आणखी एक वेगळा प्रश्न करा, सोन्याचा. सुदानी सोन्यातून युद्धाला पैसा मिळतो आणि त्यातलं बरंच सोनं दुबईच्या बाजारात पोचतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. आपलं बरंच सोनं अमिरातीतून येतं. १ मे २०२२पासूनच्या व्यापार करारात वर्षाला २०० टनांपर्यंत आयातशुल्कात सवलतही आहे. मग या सोन्याचा मूळ उगम तपासायची काय व्यवस्था आहे? हा प्रश्न वाणिज्य मंत्र्यांना विचारायचा, परराष्ट्र मंत्र्यांच्या प्रश्नात कोंबायचा नाही. सराफ्याच्या गावातून तो जास्तच शोभतो. (रात्री तिथे आपण गराडू खायला जातो, पण दिवसा ती सोन्याचीच पेठ असते.)

कुणाला, कधी, कसं

लोकसभेच्या खासदाराबरोबर मध्य प्रदेशच्या ११ राज्यसभा सदस्यांपैकी दोघा-तिघांनाही लिहा. जे मंत्री आहेत ते प्रश्न विचारत नाहीत, त्यांना वगळा. सत्तापक्षाचे खासदार परराष्ट्र धोरणावर जरा जपूनच बोलतात. त्यांच्यासाठी सुरुवात ‘ऑपरेशन कावेरी’पासून करा: २०२३मध्ये सरकारनं सुदानमधून हजारो भारतीयांना परत आणलं, त्याबद्दल आभार माना आणि मग तिथेच राहिलेल्या सुदानी नागरिकांचं विचारा.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र पोचलं पाहिजे. लोकसभेत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न दिवसाला २०च लागतात आणि तेही सोडतीनं. अतारांकित २३०पर्यंत जातात, उत्तर लेखी मिळतं आणि कायम नोंदीत राहतं. मी अतारांकितच मागेन.

पत्र हाती नेऊन द्या. कार्यालयात खासदार क्वचित भेटतात, पण पीए भेटतात आणि कागद पुढे सरकवणारे तेच. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मागून घ्या. टपालानंच पाठवायचं तर स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये त्यातच विलीन झालं आहे.

सह्या हव्यात तर गणेशोत्सवात किंवा सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरात पुष्कळ मिळतील. तरी दोनशे सह्यांच्या एका निवेदनापेक्षा रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा वेगवेगळ्या पत्त्यांवरून आलेली वीस स्वतंत्र पत्रं मला जास्त वजनाची वाटतात. रीगलला गांधी पुतळ्यापाशी उभं राहायचं असेल, तर आधी पोलिसांची परवानगी घ्या. कलम १६३चा, म्हणजे जमावबंदीचा, आदेश लागू आहे का, तेही विचारा.

उत्तर आल्यावर

प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालयानुसार शोधता येतात. उत्तरात ‘सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे’ एवढंच असेल, तर पुढच्या अधिवेशनासाठी त्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख देऊन बारीक प्रश्न करा: मदतीचं शेवटचं जहाज कधी निघालं, त्यात किती टन काय होतं. मधल्या काळात १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन कलम ८(१)(क) खाली नकार येऊ शकतो. त्यामुळे अर्जात मतं मागू नका, पाठवलेल्या मदतीची यादी आणि खर्च मागा; ती नाकारणं अवघड जातं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मंत्रालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.