साहेबांना नाणी दाखवायला नेताना
साहेबांनाही नाण्यांची आवड आहे असं कळलं, तरी अख्खा अल्बम ऑफिसात नेऊ नका. चार-पाच नाणी पुरेत, तीही जेवणाच्या सुट्टीत. पीव्हीसीचं मऊ पाकीट टाळाच; त्यातून पाझरणाऱ्या रसायनाने तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. मायलार या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेला पुठ्ठ्याचा होल्डर घ्या आणि स्टेपलच्या पिना पक्कडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. टेबलावर आधी मऊ कापड पसरा. नाणं फक्त कडेने धरायचं, हे स्वतः धरून दाखवा. बोटांच्या घामाचा ठसा कायमचा राहू शकतो. ‘जरा घासून चकचकीत करू या का?’ असं साहेब म्हणाले, तर आदबीने पण ठाम नकार द्या. घासलं की मूळ झळाळी गेलीच! अदलाबदल करायची तर दुबार नाण्यांची. खरेदी-विक्री मात्र साहेबांशी नको.