लिनक्स कर्नलमध्ये पर-सीपीयू मेमरी वापरताय? या चुका टाळा

पर-सीपीयू व्हेरिएबल म्हणजे प्रत्येक सीपीयूला स्वतःची कॉपी, लॉक नको की कॅशलाइनची (सीपीयूच्या कॅशमधल्या मेमरीच्या तुकड्याची) ओढाताण नको. पण ती कॉपी तुमची असते ती तुम्ही त्या सीपीयूवर आहात तोवरच, आणि बरीचशी लफडी इथेच होतात.

धिस_सीपीयू_पीटीआर ने चालू सीपीयूच्या कॉपीचा पॉइंटर घेतला, मध्ये चार ओळी चालवल्या आणि मग काउंटर वाढवला, तेवढ्यात शेड्युलरने (कोणतं काम कुठल्या सीपीयूवर चालेल ते ठरवणाऱ्याने) टास्क उचलून दुसऱ्या सीपीयूवर टाकला तर तुम्ही शेजाऱ्याच्या वहीत लिहिताय, आणि शेजारीही त्याच क्षणी लिहीत असेल तर एक एंट्री गेली. क्रॅश नाही, एरर नाही, नुसते आकडे कमी. माझे यात दोन दिवस गेले, कारण टेस्टिंगच्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) एकच सीपीयू दिलेला, टास्क हलणार कुठे डोंबल! नुसता काउंटर असेल तर धिस_सीपीयू_इंक वापरा, एक्स८६ वर ती एकच इन्स्ट्रक्शन असते, इंटरप्टचीही भीती नाही. आधी दोन अंडरस्कोर असलेल्या भावंडाला ही हमी नाही, नीट बघून टाइप करा. अख्खं स्ट्रक्चर बदलायचं असेल तर गेट_सीपीयू_पीटीआर, काम झालं की पुट_सीपीयू_पीटीआर, दरम्यान शेड्युलर टास्क हलवत नाही, म्हणून मध्ये म्युटेक्स वगैरे झोपवणारं (टास्कला थांबायला लावणारं) काहीही नको. इंटरप्ट हँडलरही त्याच डेटाला हात लावत असेल तर एवढ्याने भागत नाही, इंटरप्ट बंद करावे लागतात. डेव्हलपमेंट कर्नलमध्ये कॉन्फिग_डीबग_प्रीएम्प्ट चालू ठेवा, यातल्या बऱ्याच चुका डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) सरळ ओरडून सांगतो.

सगळ्या सीपीयूंच्या काउंटरची बेरीज करताना फॉर_ईच_ऑनलाइन_सीपीयू लावू नका. एखादा सीपीयू ऑफलाइन गेला की त्याचा हिशोब गायब आणि टोटल चक्क मागे जाते. पॉसिबल वालं लूप घ्या, त्यात ऑफलाइन सीपीयूही येतात.

पर-सीपीयू मेमरी मागणारं अलॉक_परसीपीयू झोपू शकतं, म्हणून स्पिनलॉक (ज्यात झोपायला मनाई असते ते लॉक) धरून बोलवायचं नाही. जीएफपी_अटॉमिक हा ‘झोपू नकोस’ सांगणारा फ्लॅग देऊन पळवाट काढाल, पण मग आधीच तयार असलेल्या पानांतूनच मेमरी मिळते, ती संपली की नल. इनिटमध्येच (मॉड्यूल सुरू होतानाच) घेऊन ठेवा.

साइज गुणिले पॉसिबल सीपीयू हे विसरू नका, १६ केबी आणि ६४ सीपीयू म्हणजे १ एमबी गेला. ४ केबी पानांच्या मशीनवर एका वेळी ३२ केबीच्या वर तर मिळतच नाही. लीकचा (घेतलेली मेमरी परत न केल्याचा) संशय असेल तर मॉड्यूल पन्नासेक वेळा लोड-अनलोड करा आणि मेमइन्फोमधली परसीपीयू ओळ बघा, सतत चढत असेल तर कुठेतरी फ्री_परसीपीयू राहिलंय. तिथे साध्या मेमरीसाठीचं केफ्री मारलंत तर मग लीक नाही, थेट क्रॅशच शोधत बसाल.