मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी साहित्य संमेलनाला कसे जावे

मुलांसाठी लिहिलेली एखादी गोष्ट, कवितांची वही किंवा किशोर कादंबरीचा पहिला खर्डा हाती असलेली माणसे मला हमखास विचारतात, की साहित्य संमेलनाला जाऊन आमच्यासारख्यांना काही मिळते का. मिळते, आणि पुष्कळ मिळते. मात्र बहुतेक जण ते चुकीच्या मांडवात शोधतात. हस्तलिखितांची पिशवी खांद्याला लावून प्रकाशकांच्या गाळ्यांपुढून फिरणारा नवा लेखक शेवटच्या दिवशी दमून परततो, आणि तीच गोष्ट चाळीस मुलांपुढे वाचून दाखवणारा लेखक तिच्यात काय बदलायचे ते समजून घेऊन घरी येतो. या दुसऱ्या रीतीने संमेलनाला जायचे असेल तर तयारी कशी करावी, ते येथे सांगतो.

पहिला प्रश्न कोणत्या संमेलनाला जायचे, हा. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेव्हापासूनची परंपरा सांगणारे अखिल भारतीय संमेलन आज प्रचंड मोठे झाले आहे. २०२४ साली ते अमळनेरला, साने गुरुजींनी जेथे शिक्षकी केली त्या गावी भरले आणि २०२५ साली दिल्लीत. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलने आणि ग्रंथप्रदर्शन यांच्या त्या गर्दीत मुलांच्या साहित्याला एखादा बालमेळावा आणि फार तर एक परिसंवाद वाट्याला येतो. पुस्तके पाहण्यासाठी आणि माणसे ओळखण्यासाठी तेथे जरूर जावे. पण ज्याने अजून काहीच छापलेले नाही त्याने सुरुवात बालकुमार साहित्य संमेलनापासून किंवा आपल्या जिल्ह्यात शाळा, वाचनालये आणि साहित्य परिषदेच्या शाखा मिळून भरवतात त्या लहान संमेलनापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे व्यासपीठ आणि श्रोते यांच्यात अंतर कमी असते, पाहुणे म्हणून आलेले लेखक जेवणाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्यासाठी आपण लिहितो ती मुले समोर असतात.

संमेलनाची घोषणा झाली की निमंत्रणपत्रिका हाती येण्याची वाट पाहू नये. कविकट्ट्यात, म्हणजे कवी एकामागून एक आपली कविता वाचतात त्या मंचावर, कविता वाचायची असेल तर ती आधी पाठवावी लागते, आणि तिची मुदत कार्यक्रमपत्रिका जाहीर होण्यापूर्वीच संपून गेलेली असते. प्रतिनिधी शुल्क भरून नाव नोंदवावे, निवासाची सोय हवी असल्यास त्याच वेळी कळवावे, कारण लहान गावातल्या लॉज आणि मंगल कार्यालये आधीच भरून जातात. बालमेळाव्यात वाचायचे असेल तर संयोजकांना साधे पत्र लिहावे: मी अमुक वयाच्या मुलांसाठी लिहितो, माझी एक गोष्ट सात मिनिटांची आहे, तुमच्या कार्यक्रमात वेळ असल्यास वाचून दाखवीन. अशा पत्राला बहुतेक वेळा होकार येतो, कारण मुलांना सलग दोन तास गुंतवून ठेवणे ही संयोजकांचीही अडचण असते.

बरोबर काय न्यावे? एकच लेखन, आणि तेही पूर्ण झालेले. दहा अर्धवट गोष्टींपेक्षा शेवटपर्यंत नेलेली एक गोष्ट दाखवता येते, वाचता येते आणि तिच्यावर बोलता येते. तिच्या स्वच्छ टंकलिखित तीन-चार प्रती, दोन्ही बाजूंना समास सोडून, पृष्ठक्रमांक घालून न्याव्यात. सोबत आपला दहा ओळींचा परिचय आणि लेखन कोणत्या वयासाठी आहे ते लिहिलेले असावे. हे वय ठरवताना पुष्कळ जण अडखळतात. ‘लहान-थोर सर्वांसाठी’ असे लिहिले की संपादकाला त्यातून काहीच कळत नाही. जे मूल नुकतेच अक्षरे जुळवू लागले आहे त्याची वाक्ये वेगळी, आठ-दहा वर्षांचे मूल एका बैठकीत वाचते त्या गोष्टीचा पल्ला वेगळा, आणि तेरा वर्षांच्या मुलीला आईला न दाखवता वाचावासा वाटतो तो मजकूर तर सर्वस्वी वेगळा. निघण्यापूर्वी ती गोष्ट घरात मोठ्याने वाचावी आणि घड्याळ लावून वाचावी. वाचताना जीभ जेथे अडते तेथे वाक्य बिघडलेले असते, हे मोठ्यांच्या लेखनात एक वेळ झाकले जाते, मुलांच्या लेखनात झाकले जात नाही.

मुलांपुढे वाचणे म्हणजे काय, हे मला एका तालुक्याच्या गावी कळले. शाळेच्या सभागृहात सतरंज्यांवर पाचवी-सहावीची मुले बसली होती आणि मी माझी एक गोष्ट घेऊन उभा होतो. आजोबांना अचानक दवाखान्यात न्यावे लागते, घरची माणसे त्यांच्याबरोबर जातात आणि नातू तीन दिवस शेजारच्या काकूंकडे राहतो, अशी ती गोष्ट. नातवाला एकटे वाटते, ते वाटणे मी फार मन लावून लिहिले होते, आणि पहिल्या परिच्छेदात अंगण डोळ्यांपुढे उभे राहावे म्हणून दारात एक शेळी बांधली होती. दुसरे पान उलटले तशी मुलांची चुळबुळ सुरू झाली, कोणी सतरंजीचे दोरे उपसू लागले. मी आवाज चढवला, त्याने काही झाले नाही. वाचून संपल्यावर प्रश्न विचारा म्हटले, तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “पण सर, तीन दिवस शेळीची धार कोणी काढली?” सभागृहातल्या निम्म्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांच्या घरी शेळ्या होत्या, आणि कास भरून आली की शेळी कशी ओरडते ते त्यांना ठाऊक होते; ती सगळी गोष्टभर त्या ओरडणाऱ्या शेळीची काळजी करत बसली होती. मी मात्र तिला पहिल्या परिच्छेदात बांधून विसरलो होतो.

म्हणून वाचताना एक जोडीदार बरोबर ठेवावा आणि त्याला हातात दुसरी प्रत देऊन सांगावे, की मुलांनी जेथे मान वर केली, जेथे हसली, जेथे शेजाऱ्याला कोपर मारले, तेथे तेथे समासात खूण कर. ‘गोष्ट आवडली का’ असे मुलांना विचारू नये. शिक्षक समोर असताना ती एका सुरात ‘हो’ म्हणतात. ‘पुढे काय झाले असेल’ किंवा ‘यातले कोण तुमच्या ओळखीचे वाटले’ असे विचारावे आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. मुलांनी वापरलेला शब्द आपल्या शब्दापेक्षा सरस निघतो, याचा अनुभव फार लवकर येतो.

परिसंवादांबद्दल थोडेच सांगतो. ‘आजची मुले वाचतात का’ या विषयावरची चर्चा एकदा ऐकली तरी पुरे. अनुवाद, चित्र आणि मजकूर यांचे नाते, बोलीभाषांतले बालसाहित्य असे नेमके विषय असतील तर पुढच्या रांगेत बसावे आणि नोंदी घ्याव्यात.

ग्रंथप्रदर्शनाला मात्र एक संपूर्ण सकाळ द्यावी, शक्यतो पहिल्या दिवशी, गाळे लागत असताना. जे पुस्तक आपल्याला मनापासून आवडले ते विकत घ्यावे आणि निवांत जागी बसून त्याचे काम पाहावे. चित्रपुस्तक असेल तर पाने मोजावीत. छपाईच्या कागदाची घडी आठ किंवा सोळा पानांची पडत असल्यामुळे अशी पुस्तके सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात, आणि जगभर बत्तीस पानांचा साचा सर्वांत रूढ आहे. श्रेयनामावली आणि शीर्षकाची पाने वगळली की गोष्टीला त्यांतली थोडीच पाने उरतात. मग एका पानावर किती ओळी आहेत, कोणते वाक्य पान उलटण्यासाठी अर्धे सोडले आहे, आणि चित्रात दिसणारी कोणती गोष्ट मजकुरात मुद्दाम सांगितलेली नाही, हे पेन्सिलीने लिहून काढावे. आपल्या गोष्टीत ‘लाल फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची ठकी’ असे लिहिले असेल तर फ्रॉक आणि वेण्या चित्रकारासाठी सोडून देता येतात, हे त्या सकाळी समजते. आणि चित्रे आधी काढून घेण्याची घाई करू नये. चित्रकार निवडणे हे सहसा प्रकाशकाचे काम असते.

किशोर-कुमारांसाठी लिहिणाऱ्यांनी याच प्रदर्शनात वेगळी पाहणी करावी. मराठीत लहान मुलांच्या पुस्तकांनी टेबले भरलेली दिसतात, आणि तेरा ते सतरा वर्षांच्या वाचकासाठी मांडलेले टेबल शोधावे लागते. त्या वयाची मुले गाळ्यांवर काय उचलतात आणि काय परत ठेवतात, ते अर्धा तास उभे राहून पाहावे. बोधपर गोष्टींचा काळ त्यांच्यापुरता संपलेला असतो, आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांत त्यांच्या वयाचे प्रश्न सापडत नाहीत. या रिकाम्या जागेत लिहिणाऱ्याला अजून पुष्कळ वाव आहे, असे मला फार मनापासून वाटते.

संपादक आणि प्रकाशक यांच्याशी बोलण्याची वेळही निवडावी लागते. दुपारी चार ते आठ गाळ्यावर गिऱ्हाइकांची झुंबड असते. त्या वेळी हस्तलिखित पुढे करणे म्हणजे दुकानदाराच्या हिशेबाच्या वेळी गप्पा मारायला जाण्यासारखे आहे. सकाळी जावे, त्यांचे एखादे पुस्तक खरोखर वाचलेले असावे, त्यावर दोन वाक्ये बोलावीत, आणि आपले लेखन तीन वाक्यांत सांगावे: कोणाची गोष्ट आहे, त्याच्यापुढे कोणती अडचण येते, आणि ती कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे. पुढे विचारावे, की लेखन कोणत्या पत्त्यावर, कोणत्या महिन्यात पाठवू. मी एकदा समारोपाच्या संध्याकाळी माझी एकुलती एक प्रत एका गाळ्यावर ठेवून आलो होतो. गाळा उठला, खोकी बांधली गेली, आणि ती प्रत कोठे गेली ते आजतागायत कळले नाही. चूक ज्यांनी खोकी बांधली त्यांची नव्हती.

मासिकांच्या संपादकांना विसरू नये. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. नव्या लेखकाने त्यांतले वीस-पंचवीस अंक वाचून मगच आपली गोष्ट पाठवावी. बाल-दिवाळी अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कितीतरी महिने आधी सुरू होते, म्हणून हिवाळ्यातल्या संमेलनात झालेली ओळख उन्हाळ्यात लेखन पाठवायला बरोबर कामाला येते.

गाळ्यांवर एक सावधगिरी बाळगावी. ‘तुमचे पुस्तक आम्ही काढतो, एवढे पैसे भरा’ असे सांगणारे भेटतातच. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात वाईट काही नाही, पण छपाईचा खर्च, प्रतींची संख्या आणि विक्रीची जबाबदारी कोणाची, हे कागदावर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, यासाठी वेगळी रक्कम मागितली तर लक्षात असावे, की भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते. करारात हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहून घ्यावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, पण ‘कायमचे’ असे लिहिलेल्या कागदावर सही केली तर तो आधार उरत नाही. मांडवात, गर्दीत, पेन हातात देऊन कोणी सही मागितली तर ‘घरी वाचून कळवतो’ म्हणावे.

जे मराठी भाषक इंग्रजीतून लिहितात, विशेषतः अमेरिकेत राहून, त्यांच्यासाठी परिषदांचा साचा निराळा आहे. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ चिल्ड्रन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स ही संस्था बाल आणि किशोर साहित्यिकांच्या परिषदा भरवते, आणि तिच्या शाखा अनेक देशांत, भारतातही आहेत. तेथे संपादक किंवा साहित्यिक एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करणारा) यांच्याकडून आपल्या पानांवर समोरासमोर अभिप्राय घेण्याची सोय वेगळे शुल्क भरून मिळते; पाने आधी पाठवावी लागतात आणि भेट मोजक्या मिनिटांची असते. ती मिनिटे आपल्या लेखनाचे समर्थन करण्यात घालवू नयेत. ऐकावे, लिहून घ्यावे, आणि एकच प्रश्न विचारावा: वाचताना तुमचे लक्ष कोठे सुटले?

परतल्यावर आठवड्याच्या आत ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना चार ओळींचे पत्र लिहावे, पण लेखन लगेच पाठवू नये. समासातल्या खुणा आणि मुलांचे प्रश्न समोर ठेवून पुन्हा लिहावे, ते जवळच्या एखाद्या शाळेत वाचून दाखवावे, आणि मग पाठवावे. माझ्या त्या गोष्टीला असे करताना दोन महिने लागले. पुन्हा लिहिताना काकू मागे सरल्या, आणि नातू पहाटे अंगणात येऊन, थरथरत्या हाताने, आयुष्यात पहिल्यांदा शेळीची धार काढायला बसला. त्याला आजोबांची आठवण येते हे मी त्यात कोठेच लिहिले नाही. छापून आलेल्या गोष्टीची एक प्रत मी त्या शाळेच्या पत्त्यावर, सहावीच्या वर्गासाठी म्हणून पाठवली.