ड्रिटे लिगाचा तक्ता कसा वाचायचा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात जर्मन शिफ्टला नवीन मुलं येतात तेव्हा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन फुटबॉलची पहिली लीग, त्यांना तोंडपाठ असते. पण सोमवारच्या कॉलवर तिकडची माणसं रॉट-वाइस एसेन नाहीतर हान्सा रोस्टॉकची रड सांगत असतात आणि आमची मुलं म्यूट. हे क्लब ड्रिटे लिगातले, म्हणजे तिसऱ्या लीगमधले. तिचा तक्ता छापून घ्या, हातात पेन्सिल घ्या, मी सांगते तशा रेघा मारा.

क्लब २०, प्रत्येकाचे सामने ३८. वरच्या दोन लीग डीएफएल ही वेगळी संस्था चालवते, ही मात्र जर्मन फुटबॉल महासंघ म्हणजे डीएफबी, २००८ पासून. पहिली रेघ दुसऱ्या नंबराखाली: हे दोघे थेट दुसऱ्या बुंडेसलिगात. पुढची तिसऱ्याखाली: हा क्लब वरच्या लीगमधल्या सोळाव्याशी दोन सामने खेळतो, एक घरी, एक त्यांच्याकडे. मग चौथ्याखाली: पहिल्या चौघांना पुढच्या वर्षी डीएफबी-पोकालमध्ये, म्हणजे जर्मन कपच्या बाद फेरी स्पर्धेत, जागा पक्की. शेवटची सोळाव्याखाली, कारण खालचे चार रेगिओनाललिगात, म्हणजे चौथ्या लीगमध्ये, जातात. गुण सारखे असतील तर आधी गोलफरक, मग एकूण गोल.

आता खोडरबर काढा. नावापुढे रोमन दोन असलेले संघ दिसतील. ते मोठ्या क्लबांचे दुसरे संघ. त्यांना वर जायला बंदी, पोकालही नाही. तेव्हा वरच्या तीन रेघा मारण्याआधी त्यांना मोजणीतून वगळायचं. खालच्या रेघेला मात्र ते धरायचे, कारण खाली पडायला त्यांना पूर्ण मुभा आहे! २०१९-२० मध्ये बायर्नचा दुसरा संघ चक्क पहिला आला. त्यामुळे दुसरा वुर्त्सबुर्ग आणि तिसरा ब्राउनश्वाइग थेट वर गेले, आणि त्या दोन सामन्यांची संधी चौथ्या इंगोलश्टाटला मिळाली. ते न्युर्नबर्गमध्ये ०-२ हरले, घरी ३-० ने पुढे होते, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला न्युर्नबर्गच्या श्लॉयजेनरने गोल केला. एकूण ३-३, पण बाहेरच्या मैदानावरचा गोल तेव्हा जड धरत, म्हणून इंगोलश्टाट तिथेच राहिलं. पुढच्याच वर्षी बायर्नचा तो विजेता संघ चौथ्या लीगमध्ये घसरला.

तक्त्याखालची बारीक टीपही वाचा. क्लबाने दिवाळं जाहीर केलं की ९ गुण कापतात. शिवाय दर मोसमाआधी डीएफबी हिशेब तपासून परवाना देते. १९६६ चा जर्मन विजेता १८६० म्युनिक २०१७ मध्ये दुसऱ्या लीगमधून पडला, तिसऱ्या लीगसाठी लागणारे पैसे गुंतवणूकदाराने भरले नाहीत, आणि क्लब थेट चौथीत. २०२२ च्या मार्चमध्ये तर टुर्कग्युचु म्युनिकने पैशांअभावी मोसम अर्ध्यावर सोडला. त्यांच्या सगळ्या सामन्यांचे निकाल रद्द झाले, आणि त्यांना हरवून कमावलेले इतरांचे गुणही गेले.

खालून वर येण्याची व्यवस्था मला अजिबात पटत नाही. रेगिओनाललिगाचे विभाग पाच, वर जागा चार. पश्चिम आणि नैर्ऋत्य विभागांचे विजेते थेट येतात, उरलेल्या तिघांपैकी एकाला आळीपाळीने थेट जागा, आणि बाकी दोन विजेते एकमेकांशी भिडतात. वर्षभर पहिलं राहूनही एकाच्या पदरी काहीच नाही.

वेळेचं गणित: शनिवारचे बरेच सामने तिकडे दुपारी दोनला. त्यांच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेपाच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेसहा, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेपाच. तलावपाळीवर फेरी मारून सहाला घरी आलात तर डिसेंबरात चहा करायलाही वेळ मिळतो, ऑगस्टात अर्धा तास खेळून झालेला असतो. शुक्रवारचा सामना तिकडे सातला, म्हणजे इथे रात्री साडेदहा किंवा साडेअकरा.

एक क्लब धरायचाच असेल तर मी झारब्र्युकन सांगेन. २०२३ च्या नोव्हेंबरात पोकालमध्ये त्यांनी बायर्नला २-१ ने घरी पाठवलं आणि उपांत्य फेरी गाठली. बिलेफेल्ड २०२५ मध्ये त्याहून पुढे, थेट अंतिम सामन्यात पोचलं, श्टुटगार्टकडून २-४ हरलं. पण ते त्याच वर्षी ही लीग जिंकून वर गेले, तेव्हा तक्त्यात त्यांना शोधू नका.

शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात. त्या दिवशी सामना टीव्हीवर लावा, तक्ता फोनवर, आणि रेघा पेनने मारू नका.