कार्ड मशीन घेताय? रेट नंतर विचारा, आधी पैसे कुठे थांबतात ते विचारा

आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे, लग्नाच्या खरेदीला मुंबई-पुण्याहून गाडी करून येणारी मंडळी चाळीस-पन्नास हजारांचं बिल सरळ क्रेडिट कार्डावर टाकतात, त्यामुळे मशीन हवंच. पहिलं मशीन मी घेतलं ते फक्त सेल्समनने सांगितलेल्या रेटवर, म्हणजे दर बिलामागे ते किती टक्के कापणार त्यावर. मग ऐन लग्नसराईत एका शनिवारी १ लाख ३६ हजारांचं बिल झालं, स्लिप आली, गिऱ्हाईक साड्या घेऊन गेलं आणि पैसे अकरा दिवस खात्यात नाहीत. फोन केला की रोज एकच उत्तर, तुमचं ट्रान्झॅक्शन रिस्क टीमकडे आहे. विणकराची मजुरी थांबली की त्याच्या घरी चूल थांबते हो, त्याला मी काय सांगणार होतो?

तेव्हापासून मला कुणी विचारलं की मी एकच सांगतो, कार्ड घासल्यापासून आपल्या खात्यात पडेपर्यंत पैसा कुणाच्या हातात असतो ते आधी शोधा.

मशीन बँकेचं असेल तर हिशेब सरळ बँकेशी. कंपनीचं असेल तर ती बहुतेक वेळा पेमेंट ॲग्रीगेटर असते, म्हणजे पैसे आधी तिच्या एस्क्रो खात्यात (दुकानदारांचे पैसे वेगळे ठेवायचं बँक खातं) जातात आणि मग आपल्याकडे. यासाठी आरबीआयचे नियम मार्च २०२० मध्ये आले, ते ऑनलाइनवाल्यांसाठी होते, सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानात मशीन देणाऱ्या कंपन्याही त्यात आणल्या. परवानगी असलेल्यांची यादी आरबीआयच्या वेबसाइटवर आहे, ती उघडून बघाच. फक्त मशीनवर छापलेलं ब्रँडचं नाव शोधू नका, बऱ्याचदा कंपनीचं खरं नाव वेगळंच असतं, ॲग्रीमेंटच्या पहिल्या पानावर जे प्रायव्हेट लिमिटेड लिहिलंय ते शोधा.

मग ॲग्रीमेंट वाचा. कंटाळा येतो मान्य आहे, पण निदान सेटलमेंट (पैसे आपल्या खात्यात जमा होणं) आणि पैसे होल्ड करण्याबद्दल काय लिहिलंय तेवढं तरी वाचाच. सेल्समनला विचारा, पैसे दुसऱ्या दिवशी येणार का, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला काय, एका वेळी किती रकमेपर्यंत न अडता जाईल, अडलं तर किती दिवसांत सोडणार. उत्तर तोंडी नको, ईमेलवर मागा. आमच्यासारखा मोठ्या बिलांचा धंदा असेल तर फॉर्म भरतानाच सरासरी बिल खरं लिहा, माझ्या फॉर्मवर त्या माणसाने ३ हजार टाकून दिलं होतं आणि मी न बघता सही केली, मग लाखाचं बिल आल्यावर त्यांची सिस्टीम अडवणारच.

आता रेट. "१.८ टक्के" हे ऐकून थांबू नका, कार्डागणिक रेट बदलतो, त्याचा पूर्ण तक्ता मागा. बँक खात्यातून होणारं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापला जाणारा हाच रेट, शून्य आहे. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिटवर आरबीआयची मर्यादा आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही, आणि खरा खर्च तिथेच. ४२ हजारांची पैठणी १.८ टक्क्यांनी गेली तर ७५६ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८९२. तीच कॉर्पोरेट किंवा परदेशी कार्डावर २.५ टक्क्यांनी गेली तर १,२३९. म्हणून प्रीमियम, कॉर्पोरेट, परदेशी, ईएमआय आणि यूपीआयवरचं रुपे क्रेडिट, हे सगळे रेट वेगवेगळे लिहून घ्या. जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या दुकानदारांची ठोक दराची सोय) असाल तर त्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही, तो पूर्ण खिशातूनच. शिवाय महिन्याचं भाडं, ठरावीक उलाढाल झाली नाही तर लागणारा चार्ज, लॉक-इन (मशीन सोडता न येण्याची मुदत) किती महिन्यांचं, हेही विचारा.

चार्जबॅकचं, म्हणजे झालेलं पेमेंट परत ओढलं जाण्याचं, पण बघा. गिऱ्हाईकाने बँकेला सांगितलं की हा व्यवहार माझा नाही, तर पुरावा आपल्याला द्यावा लागतो आणि मुदत थोडीच असते, तेव्हा कळवणार कसं, ईमेलवर की नुसतं ॲपमध्ये, ते विचारून ठेवा. त्या स्लिपा थर्मल कागदाच्या, उन्हाळ्यात गल्ल्यात ठेवल्या की दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडून कोरा कागद उरतो. आम्ही आता मोठ्या बिलाची स्लिप आणि सही केलेलं बिल एकत्र ठेवून लगेच फोटो काढतो. आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवायला लागलं तर घेऊ नका, पेमेंट लिंक पाठवा, लिंकची सोय नीट देतो का हेही मशीन घेतानाच तपासायचं.

सही करायच्या आधी रविवारी संध्याकाळी त्यांच्या हेल्पलाइनला स्वतः फोन लावून बघा, माणूस बोलतो का, मराठी-हिंदीत नीट समजावतो का. बाजारात ज्याच्याकडे तेच मशीन आहे त्याला मागच्या महिन्याचं स्टेटमेंट दाखवायला सांगा, सेल्समनच्या कागदापेक्षा त्यात जास्त कळतं. मशीन दुकानात आतल्या बाजूला, गादीपाशी चालवून बघा, आमच्याकडे एका सिमला फक्त दारात रेंज यायची.

आणि जुनं मशीन लगेच परत करू नका, नव्यावर एक महिना सुरळीत सेटलमेंट होऊ दे. मग परत देताना सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या आणि खात्यातून भाडं कापायची परवानगी बँकेत जाऊन बंद करा, माझं भाडं मशीन परत दिल्यावरही चार महिने कापलं जात होतं.