दमदार पेट्रोल सोडून काटकसरी डिझेल घेताना : रोजच्या नोकरीच्या प्रवासासाठी गाडी कशी बदलावी

पुण्याच्या वारज्याहून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणाऱ्याला दिवसाला जवळपास शंभर किलोमीटर पडतात. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका आणि कापूरहोळ असा हा रस्ता आहे. त्यातला शहराचा भाग सोडला, तर उरलेला सगळा मोकळा महामार्ग. या रस्त्यावर मी काही वर्षे १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १८० पीएस ताकदीची सेडान चालवली. ती गाडी मला मनापासून आवडत होती, आणि नेमके म्हणूनच ती बदलावी की नाही हे मी मनाला न विचारता कागदावर मांडून ठरवले. ज्यांचे रोजचे अंतर असेच मोठे आहे आणि पेट्रोलचा खर्च ज्यांना आता जड वाटू लागला आहे, त्यांच्यासाठी तो सगळा क्रम येथे देत आहे.

आधी हिशेब, मग गाडी

सुरुवात सध्याच्या गाडीचे खरे अ‍ॅव्हरेज काढण्यापासून करावी. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बहुधा थोडा उदार असतो, म्हणून टाकी फुल करून मोजण्याची जुनी पद्धतच वापरावी : नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबावे, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरून किलोमीटरांना लिटरांनी भागावे. असे तीनदा केले की खरा आकडा हाती लागतो. माझ्या गाडीचा तो लिटरला ११ किलोमीटर निघाला.

पुढचा हिशेब समजण्यासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. आपल्या गावचे आजचे दर घालून हीच आकडेमोड आपण पुन्हा करावी. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले, तर २५,००० किलोमीटर होतात. ११ च्या अ‍ॅव्हरेजने पेट्रोलचा खर्च २,३६,००० रुपयांच्या वर जातो. २० चे अ‍ॅव्हरेज देणाऱ्या डिझेलला तेवढ्याच अंतरासाठी १,१३,७५० रुपये लागतात. फरक सुमारे १,२२,६०० रुपयांचा, आणि बहुतेक लोक इथेच हिशेब थांबवून गाडी पाहायला निघतात.

येथे एक मोठी चूक होते. या सव्वा लाखाच्या बचतीतले सगळे श्रेय डिझेलचे नसते. लिटरला १६ किलोमीटर देणारी साधी, लहान इंजिनाची पेट्रोल गाडी घेतली, तर वर्षाचा खर्च १,६२,५०० रुपये येतो. म्हणजे सुमारे ७३,९०० रुपये केवळ ताकद सोडल्याने वाचतात आणि पेट्रोलवरून डिझेलवर गेल्याने वाचतात ते त्यापुढचे ४८,७५० रुपये. डिझेल गाडीची जास्तीची किंमत, जास्तीचा रस्ता कर आणि जास्तीची देखभाल या सगळ्यांची भरपाई या दुसऱ्या रकमेतूनच व्हायची असते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेल गाडीवर १३ टक्के रस्ता कर आहे, तर दहा ते वीस लाखांच्या गटात हेच दर १२ आणि १४ टक्के आहेत. हा फरक आणि शोरूमच्या किमतीतला फरक मिळून सव्वा लाख रुपये होतो असे मानले, तर किलोमीटरमागे १ रुपया ९५ पैशांच्या बचतीने तो भरून यायला सुमारे ६४,००० किलोमीटर लागतात. माझ्यासारख्याला ती अडीच वर्षांची गोष्ट आहे. ज्याचे रोजचे जाणे-येणे चाळीस किलोमीटर आहे, त्याला मात्र त्यासाठी सहा वर्षांहून अधिक थांबावे लागेल. अशा माणसाने लहान पेट्रोल गाडी घ्यावी आणि डिझेलचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टोल दोन्ही गाड्यांना सारखाच लागतो, म्हणून तो या हिशेबात आणूच नये.

सीएनजीचे नावही घेतले पाहिजे. किलोला २५ किलोमीटर आणि ९० रुपये दर धरला, तर किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे पडतात आणि डिझेलचे ४ रुपये ५५ पैसे त्यापुढे महागच ठरतात. ज्याला फक्त पैसे वाचवायचे आहेत, त्याने तिकडे जायला हरकत नाही. पंपावरच्या रांगा, बहुतेक गाड्यांमध्ये टाकीने व्यापलेली डिकी आणि बोगद्याच्या चढावर भरलेल्या गाडीचे मंदावणे या तीन कारणांनी मी तो पर्याय सोडला. दमदार गाडीची सवय झालेल्या माणसाला तिसरे कारण रोज जाणवते.

रस्ता डिझेलला मानवणारा आहे का

डिझेल गाडी कमी इंधन का पिते हे समजले, की ती कोणी घेऊ नये हेही समजते. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते; शिवाय डिझेल इंजिन हवा अधिक दाबून इंधन जाळते आणि कमी ताकद लागते तेव्हा पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवेची वाट अडवून बसत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते आणि इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने ही तफावत आणखी थोडी वाढली आहे.

परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या वाहनांच्या धुरावरच्या मानकांमुळे डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ ही काजळी अडवणारी जाळी आली. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी तिथले तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि ते मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी चालल्यावरच नीट साधते. कोथरूडहून डेक्कनला जाऊन परत येणाऱ्या गाडीला ही संधी कधीच मिळत नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपचे बिल वर्षभराची बचत खाऊन टाकते. रोजच्या फेरीत किमान वीस मिनिटे साठच्या वरचा वेग सलग मिळत नसेल, तर आधुनिक डिझेल घेऊ नये.

यावर उपाय म्हणून जाळी नसलेली जुनी बीएस-४ डिझेल घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. तो मला पटत नाही. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणप्रदूषणाची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ४.५ वर आली; नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादाही २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. आपली बचत रस्त्याकडेच्या गावांच्या श्वासातून काढू नये, आणि महामार्गावर रोज पळणाऱ्या गाडीला ही जाळी त्रासही देत नाही.

कोणती गाडी पाहावी

निवड आता फार मोठी राहिलेली नाही. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले, फोक्सवॅगन आणि स्कोडाने आपली १.५ लिटर डिझेल इंजिने त्याच वेळी थांबवली, होंडाची सिटी डिझेल २०२३ मध्ये बंद झाली. नव्यामध्ये टाटाची अल्ट्रोझ आणि नेक्सॉन, ह्युंदाईची व्हेन्यू आणि क्रेटा, कियाची सोनेट आणि सेल्टॉस, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ अशी नावे उरतात. सेडानची सवय असलेल्यांनी २०२० ते २०२३ या काळातल्या वापरलेल्या बीएस-६ सेडान पाहाव्यात : होंडा सिटीचे १०० पीएसचे इंजिन अ‍ॅव्हरेजला उत्तम आहे आणि ह्युंदाई व्हर्नाचे ११५ पीएसचे इंजिन ओढीला अधिक चांगले आहे.

ओढीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण दमदार पेट्रोल सोडणाऱ्याची खरी भीती तीच असते. माझ्या जुन्या १८० पीएस गाडीचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, २५० एनएम होता, आणि ११५ पीएसच्या त्या १.५ लिटर डिझेलचाही २५० एनएमच आहे. फरक इतकाच, की पेट्रोल इंजिन हा टॉर्क १,२५० पासून ५,००० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) देत राहायचे आणि डिझेल तो १,५०० ते २,७५० च्या दरम्यानच देते. नेहमीच्या ८० च्या वेगात पाचव्या गिअरमध्ये ट्रक ओलांडताना दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच भासतात. शंभराच्या पुढे मात्र डिझेल दमते. चाचणीसाठी गाडी घेताना शोरूमभोवती चक्कर मारून परत येऊ नये, तर आपल्या रोजच्या रस्त्यावर, चढावर, दोन माणसे बसवून आणि एसी लावून ती चालवून पाहावी.

वापरलेली गाडी तपासताना

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी सकाळी, थंड असताना पाहायची आहे. गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू व्हायला हवे. रेस केल्यावर काळा धूर आला तर इंधन फवारणारे इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गाकडे बोट जाते, निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर ती गाडी सोडून द्यावी. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवून पाहावे : जाळी शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ राहते, दाट काजळी लागली तर जाळी फुटलेली किंवा काढून टाकलेली असण्याचा संभव आहे. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडावे. जोराचा, ठसक्यासारखा वाफेचा झोत येत असेल, तर आतली झीज बरीच झालेली असते. इंजिन बंद करताना खडखड ऐकू आली, तर क्लचसोबतच्या फ्लायव्हीलची चौकशी करावी, कारण तो खर्च मोठा असतो.

रनिंग जास्त आहे म्हणून घाबरू नये. चार वर्षांत महामार्गावर ८०,००० किलोमीटर चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली डिझेल गाडी ही शहरात २५,००० चाललेल्या डिझेलपेक्षा मला केव्हाही अधिक विश्वासाची वाटते. दिल्ली परिसरातून स्वस्तात आलेल्या डिझेलबाबत मात्र सावध असावे. तिथे दहा वर्षांवरील डिझेलवर निर्बंध आले म्हणून त्या उतरत्या किमतीत मिळतात, पण इथे नोंदणी करताना रस्ता कर पुन्हा भरावा लागतो.

जुनी गाडी देताना

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जात असल्यास फॉर्म २८ ची एनओसी आणि कर्ज फिटलेले असल्यास फॉर्म ३५ देऊन, आरसीवर नवे नाव चढल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले, तर ५० टक्क्यांपर्यंतची ती सवलत नव्या गाडीच्या विम्यावर तीन वर्षांच्या आत वापरता येते. हे पत्र न मागितल्यामुळे अनेकांचे पैसे जातात. फास्टॅग लगेच बंद करावा.

चालवण्याची नवी सवय

पेट्रोल गाडीत इंजिन पळवून ताकद काढायची सवय डिझेलमध्ये उपयोगाची नाही. २,००० आरपीएमच्या आसपास वरचा गिअर टाकावा आणि १,४०० च्या खाली इंजिन कण्हू देऊ नये. ओलांडायचे असेल तर टर्बो जागा होण्याचा क्षणभर धरून आधीच गिअर उतरवावा. वेगाचा परिणाम सर्वांत मोठा असतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. चाळीस किलोमीटरच्या मोकळ्या टप्प्यात शंभरऐवजी पंच्याऐंशीने गेल्यास घरी पोहोचायला चार मिनिटे जास्त लागतात, एवढेच.

साताऱ्याकडून परतताना कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांब उतार आहे आणि डिझेल वाचवण्यासाठी तो न्यूट्रलमध्ये उतरणारी वाहने तिथल्या भीषण अपघातांचे एक कारण आहेत. कळकळीने सांगतो, की न्यूट्रलने काहीही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की आजचे इंजिन इंधन पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी त्याला डिझेल लागतच राहते. उतार सुरू होण्याआधी एक गिअर खाली घ्यावा आणि तसेच उतरावे.

घरी पोहोचल्यावर कधी रेडिएटरचा पंखा जोरात चालू असतो आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, नेहमीपेक्षा वर दिसते. याचा अर्थ जाळी स्वतःला साफ करत आहे. शक्य असल्यास पाच-दहा मिनिटे अजून फिरवून मग इंजिन बंद करावे. डीपीएफचा दिवा लागलाच, तर दुसऱ्या दिवशी महामार्गावर एक गिअर खाली ठेवून, २,००० च्या वर इंजिन राखत वीस मिनिटे जावे. बहुतेक वेळा दिवा जातो. महिन्यातून एकदा ऑइलची पातळी पाहावी. ती वाढलेली दिसली, तर साफसफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरले आहे असे समजून ऑइल बदलावे, आणि ते नेहमी उत्पादकाने सांगितलेले, कमी राख सोडणारेच असावे. डिझेल गर्दीच्या पंपावर भरावे, टाकी तळाला जाऊ देऊ नये आणि पावसाळ्यानंतर फिल्टरमधले पाणी काढून घ्यावे, कारण आजच्या इंजेक्टरना पाण्याचा थेंबही सोसत नाही.

पहिले काही आठवडे आणखी एक जपावे. वर्षानुवर्षे पंपावर ‘पेट्रोल’ म्हणण्याची सवय तोंडात बसलेली असते, आणि पेट्रोलचे बारीक नोझल डिझेल गाडीच्या टाकीत सहज जाते. म्हणून खाली उतरून, ‘डिझेल’ असे स्पष्ट सांगून, नोझलकडे पाहत उभे राहावे. चुकून पेट्रोल गेलेच, तर इग्निशनसुद्धा चालू करू नये, कारण तेवढ्याने इंधनाचा पंप ते पेट्रोल पुढे ढकलू लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये बाजूला ढकलावी, टोइंग बोलवावे आणि टाकी पूर्ण रिकामी करून घेतल्यावरच पुन्हा डिझेल भरावे.